शिकेल त्यानं निघायचं

ताईच्या पायाला भिंगरी लागलीय, असं आमच्या नात्यातले सगळे म्हणायचे. मी म्हणायचे, भिंगरी पायाला नाही, डोक्यात आहे. ही माझी थोरली बहीण, आणि आयुष्यभर बाई एका जागी टिकली नाही. तरुणपणी आम्ही दोघी डब्यांच्या कारखान्यात होतो, तिथून ती निघाली. मग हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली, मालाची छोटी गाडी चालवली, चष्म्याच्या काचा घासल्या, छापखान्यात कागद कापले. काम अंगवळणी पडलं, वरच्यानं शाबासकी दिली, की हिच्या पोटात दुखायला लागायचं. लगेच राजीनामा. का गं बाई म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं. झालं शिकून, आता निघते.

लग्नाचंही तेच झालं. नवरा भला माणूस होता, कुलपं दुरुस्त करायचा, तोंडातून वाकडा शब्द नाही. संसार मार्गी लागला, कुणाला चहा किती गोड लागतो, कोण कशावरून रुसतं, हे सगळं एकमेकांचं कळलं, आणि हिनं बॅग उचलली. तो बिचारा माझ्या दारात येऊन विचारायचा, माझं काय चुकलं. काय सांगणार मी त्याला? काहीच चुकलं नव्हतं, हीच तर रड होती.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्या लोकांचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

त्या काळी आमच्या शहरात काही पोरापोरींनी गिटारी, ढोल आणि भोंगे घेऊन एक धिंगाणा सुरू केला होता. गाणं म्हणावं तर चाल नाही, भांडण म्हणावं तर शब्द कळत नाहीत. गिटारीच्या तारा पान्यानं घासायच्या, माइक पत्र्यावरून ओढायचा, आणि ऐकणारा कानांवर हात ठेवून उठून गेला की यांना कोण आनंद! पेपरात कुणीतरी वैतागून लिहिलं, की हे संगीत नव्हे, ही भांड्याच्या बुडाची करपलेली खरवड आहे. झालं. त्यांनी ते नाव मिरवायलाच सुरुवात केली. स्वतःला खरवडवाले म्हणवून घ्यायला लागले.

ताईच्या टोळीत तिघं होती. एक काडी, म्हणजे एक किडकिडीत पोरगी, ती किंचाळायची. एक पोस्टातला कारकून, तो गिटार घासायचा. आणि आमची ताई. ती काय वाजवायची, तर कारखान्यातली टाकाऊ झाकणं. दोरीवर टांगायची आणि स्वयंपाकघरातल्या चमच्यांनी बडवायची. माझे चांगले चमचे त्यात वाकले, ते वेगळंच.

या लोकांचा एक नियम होता आणि तो ते अगदी शपथ घेतल्यासारखा पाळायचे. जे वाद्य आपल्याला येत नाही तेच हातात घ्यायचं, आणि ज्याला वाजवता यायला लागलं त्यानं टोळीतून निघायचं. चांगलं वाजवणारे जगात ढिगानं आहेत, म्हणायचे, आपल्याला ते नकोत. म्हणजे बघा, बाकी जगात लोक शिकला नाही म्हणून हाकलतात. हे शिकला म्हणून हाकलायचे.

कारखान्यात वरच्या मजल्यावर लेबलांची खोली होती, लाकडी फळ्यांच्या जमिनीची. साप्ताहिक सुट्टीला सगळं बंद असायचं तेव्हा पहारेकऱ्याला पटवून ताई यांना तिथे न्यायची. त्यांचं रेकॉर्डिंगही तिथेच झालं, एका सुट्टीच्या दिवशी. नेमकी त्या दिवशी घाईची ऑर्डर होती, म्हणून खाली मला एकटीला जादा कामावर बोलावलं होतं. डोक्यावर तो खणखणाट सुरू झाला तशी मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत प्रेसवर पत्र्याची झाकणं काढत बसले.

दुसऱ्या दिवशी काडी आणि कारकून फाटकाशी येऊन उभे. ताईबरोबर मी होतेच. कारकून म्हणाला, आम्ही काल रात्री कॅसेट ऐकली. ठेका एकदम पक्का आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जरासुद्धा हललेला नाही. तुला वाजवता यायला लागलं. काडी नुसती रडत होती. माझा हात शिवशिवत होता दोघांना एकेक ठेवून द्यायला. ताईनं मात्र पिशवीतून चमचे काढून कारकुनाच्या हातात दिले आणि चालायला लागली. घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा बघवत नव्हता. अर्धा रडवेला आणि अर्धा ताठ्यानं भरलेला. जिन्यात थांबून म्हणाली, मला येतं गं छोटे, माझं मलाच कळलं नाही कधी आलं ते.

ती कॅसेट तिनं कधी ऐकली नाही. ज्यांनी हाकललं त्यांच्याकडे मागायची कशी? पुढे टोळी फुटली, काडी परदेशी गेली, कारकून कुठे गेला कुणास ठाऊक. ताई कारखान्यातूनही निघाली, आणि मग जी निघत राहिली ती निघतच राहिली.

आता ती माझ्याकडे राहायला आली होती, आणि तेही मनाविरुद्ध. डावा कान कधीच गेला होता, आता उजवा चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागून. तसंच होतं. मागे चमचा पडला तर तिला पत्ता नसायचा, दार आपटलं तर मान वळायची. कानाचं यंत्र लावलं की नुसती शिट्टी वाजते म्हणून तिनं ते खणात टाकून दिलं. तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड नीट उघडून, ओरडून. माझं ओरडणं शेजारपाजारच्यांना नवीन नव्हतं म्हणून निभावलं.

पण घरात तिचा जीव काही लागेना. खुर्चीत बसली की बोटं टेबलावर सुरू. उठून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत. कपाट इकडचं तिकडे सरकवलं, मग परत जागेवर आणलं. कुठला नळ गळतो, कुठली खिडकी अडकते, माझा पारा किती वाजता चढतो, सगळं तिनं शिकून घेतलं. बॅग पलंगाखाली होती आणि ती कधी पुरती रिकामी झालीच नाही. केर काढताना माझा झाडू त्या बॅगेला लागला की मनात नको ते यायचं. बहिरी बाई कुठल्यातरी परक्या शहरात खोली घेऊन एकटी राहणार, गॅस चालू राहिला तर आवाज नाही, दार कुणी ठोकलं तर आवाज नाही. मला भीती वाटायची. ती बोलून दाखवायच्या ऐवजी मी तिच्यावर डाफरायचे. दुसरं काही मला जमत नाही.

आता जावयाबद्दल सांगते. माझी मुलगी आणि जावई माझ्याकडेच राहतात. मुलगी दवाखान्यात नोकरीला, दिवसभर बाहेर. जावई शाळेत भूगोल शिकवतात. माणूस लाख मोलाचा, पण एक व्यसन आहे. जुन्या खरवडवाल्यांची रेकॉर्डिंग्ज जमवतात! ताईच्या त्या धिंगाण्याला आता जगात मान आहे म्हणे, त्याच्यावर पुस्तकं निघतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते घरात मोठ्यानं लावलं आणि मी सांगून टाकलं, जावईबापू, एकतर हे यंत्र खिडकीतून खाली जाईल नाहीतर मी. तेव्हापासून ते हेडफोन लावतात. डोळे मिटून बसतात, चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं दाढ काढून घेतायत.

मी मटार सोलत बसले की ते शेजारी येऊन मला समजावायचे. आई, यातलं बरंचसं टाकाऊ आहे, पण काही रेकॉर्डिंग्ज अशी आहेत की ती ऐकल्याशिवाय हे सगळं कळतच नाही. त्यातही एक सगळ्यांच्या वर. त्यात वरती सगळा कल्लोळ आणि खाली एक ठेका आहे, शांत, जाड, न हलणारा. आणि मध्येच तो ठेका थांबतो. श्वास धरल्यासारखा थांबतो, आणि होता तसाच परत सुरू होतो. त्या एका जागेवर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत, पण वाजवणारा कोण ते कुणाला माहीत नाही, कव्हरवर नावंच नाहीत. मी म्हणायचे, हो का, बरं ती चाळणी द्या इकडे.

एका दुपारी ताई कात्री शोधत त्यांच्या खोलीत गेली, आणि बाहेर आली ती हातात एक कॅसेट घेऊन. कव्हरवर लोखंडी जिन्याचा फोटो, पायऱ्यांवर डब्यांची झाकणं विखुरलेली. मी बघताच ओळखला. आमच्या कारखान्याचा जिना, त्याची वाकलेली तिसरी पायरीसुद्धा. ताई नुसती कॅसेट माझ्यापुढे धरून उभी होती.

जावई शाळेतून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, अर्थात माझ्या पद्धतीनं, काडीचा आणि कारकुनाचा उद्धार करत. ते ऐकता ऐकता तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन तसेच जमिनीवर बसले. मावशी तुम्ही, मावशी तुम्ही, एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं. ज्या ठेक्यासाठी त्यांनी दुकानं पालथी घातली तो वाजवणारी बाई त्यांच्याच घरात बसून रोज त्यांच्या हातचा चहा पीत होती. त्यांना तिथल्या तिथे कॅसेट लावायची होती. ताई नको म्हणाली.

मग सुरू झाली तिची येरझार. आधीची परवडली म्हणायची वेळ आली. कॅसेट उचलायची, ठेवायची, पदरानं पुसायची, परत जावयाच्या खोलीत नेऊन ठेवायची आणि थोड्या वेळानं परत आणायची. जेवताना घास हातातच राहायचा. तिला ऐकायचं तर होतं, आणि कान रोज थोडा थोडा चालला होता. शेवटी मी तिला गॅलरीत गाठलं आणि तोंडासमोर उभी राहून विचारलं, घोडं अडलंय कुठे?

"मी शिकले होते म्हणून निघाले," ताई म्हणाली. "तेव्हापासून शिकले की निघतेच आहे. एकदा मला माझ्या कानानं ऐकायचंय, छोटे, की मला खरंच येत होतं. आणि नसेल येत, तर?"

मी वाळत घातलेले कपडे काढायला लागले. तिनंच पुढे सांगितलं, ऐकून झालं की मी जाणार, एक खोली बघून ठेवलीय, पत्ता मिळाला आहे. म्हणजे ऐकलं तरी ती जाणार होती आणि नाही ऐकलं तरी झुरत बसणार होती. टॉवेलच्या घड्या माझ्या हातून धड होईनात.

त्यानंतर एका सकाळी माझ्या हातून काचेची बरणी फुटली, तिच्या अगदी पाठीमागे. तिनं मान वळवली नाही. वळून जमिनीवरच्या काचा बघितल्या तेव्हा तिला कळलं. ताई तिथेच उभी राहिली, मग सरळ जावयाच्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, आज लावा.

हेडफोनमध्ये तिला नुसता भुणभुणाट ऐकू आला. जावयांनी शाळेतून गाणी लावायचा मोठा स्पीकर मागून आणला, मोठ्या पेटीएवढा, आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर ठेवला. ताई शेजारी बसली, तळवा स्पीकरवर. मी हातात फडकं घेऊन दारात. मनात म्हटलं, आता शेजारचे दार ठोठावणार. जावयांनी आवाज वाढवला.

काय सांगू. खोलीच्या भिंती किंचाळल्या. आणि त्या सगळ्याखालून तो ठेका आला. जाड, संथ, सारखा. ताईचे डोळे एकदम मोठे झाले. तळहातात तिला तो लागत होता.

"आहे," ती पुटपुटली. "पक्का आहे."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि माझ्याही. जळलं मेलं ते संगीत, पण माझ्या बहिणीला येत होतं. जावयांनी हात वर करून खूण केली, की आता ती जागा येतेय. ठेका थांबला. आणि त्याच क्षणी माझा डावा हात आपोआप बाजूला गेला. फडक्यासकट. काहीतरी सरकवल्यासारखा. मग ठेका सुरू झाला आणि माझा उजवा पाय जमिनीवर पडला, उठला, पडला, उठला. बरोब्बर त्याच्याबरोबर. मी थांबवायला गेले तर थांबेना.

ताई माझ्याकडेच बघत होती. आधी माझ्या पायाकडे, मग माझ्या हाताकडे, मग स्पीकरवरच्या स्वतःच्या तळव्याकडे. तिनंही कारखान्यातल्या त्या प्रेसवर दिवस काढले होते.

"छोटे," ती म्हणाली, "ही तू आहेस."

पत्रा आत, पायानं दाब, झाकण बाहेर. ट्रे भरला की डाव्या हातानं सरकवायचा, रिकामा ओढायचा, परत पत्रा आत. त्यांचा माइक वरच्या लाकडी जमिनीवर पडलेला, आणि त्या फळ्यांखाली मी माझी ऑर्डर पुरी करत होते. एरवी त्यांची तालीम सुट्टीच्या दिवशी, बंद कारखान्यात व्हायची, म्हणून खालची प्रेस त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. त्या दिवशीही त्यांच्या स्वतःच्या गोंगाटात ती कुणाला ऐकू गेली नाही. कॅसेटमध्ये मात्र सगळं उतरलं, आणि टोळीत ठोकणारी एकटी ताईच, म्हणून ठेका तिच्या नावावर गेला. आणि माझ्या पायाच्या दाबापायी यांनी माझ्या बहिणीला हाकललं. लोकांनी पानंच्या पानं लिहिलेली ती जागा म्हणजे माझा ट्रे होता.

जावयांनी यंत्र बंद केलं. त्यांनाही माझ्या पायावरून उमगलं होतं. बिचाऱ्यांनी ताईसाठी पाणी आणलं. ताई हललीही नाही. इतकी निश्चल मी तिला कधी बघितली नव्हती आणि मला तेच बघवेना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. माफी मागावी तर कशाची? माझं काम मी केलं होतं. तरी रडू आवरेना. ते धुलाईखाने, तो भला नवरा, त्या भाड्याच्या खोल्या, सगळं डोळ्यांसमोर आलं. काडी आणि कारकून समोर असते तर झाकणंच फेकून मारली असती.

मग ताईनं विचारलं, "यात मी कुठे आहे?"

झाकणांचा आवाज बारीक. तो तिच्या कानातून कधीच गेला होता. जावई उठले, एक बटण फिरवून त्यांनी खालचे जाड आवाज कमी केले आणि कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. प्रेस जवळजवळ नाहीशी झाली. राहिली काडीची किंचाळी, तारांची खरखर, आणि त्यात कुठेतरी चमचे. जन्मभर ज्या आवाजाला मी शिव्या दिल्या त्याला मी कान लावून बसले. आणि सापडले मला. ताई माझ्याकडे डोळे लावून बसली होती.

मी तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटांनी वाजवायला लागले. खरं सांगायचं तर आधी मनात आलं, सरळ ठोकावं. एकसारखं. तिला कळणार नाही. पण माझ्या कानात जे येत होतं ते इतकं वेडंवाकडं होतं, की बोटं त्याच्याच मागे धावली. एक लवकर. एक फार उशिरा. तीन एकदम, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग चमचा पडल्याचा आवाज, तो उचलून पुन्हा तिसरीकडेच ठोका. ताईनं डोळे मिटले होते. हळूहळू तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"अगं, काहीच येत नव्हतं गं मला," ताई म्हणाली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि मग हसू गेलं. "म्हणजे मी राहिले असते, छोटे."

मी मान हलवली. कॅसेटची ती बाजू संपली तेव्हा तिनं जावयांना परत लावायला सांगितलं आणि तळवा पुन्हा माझ्यापुढे धरला. मला म्हणाली, नीट वाजव, हे मला शिकायचंय.

आता रोज दुपारी हेच चालतं. जावई शाळेतून आले की कॅसेट लावतात, मी स्पीकरला कान लावून ताईच्या हातावर वाजवते, आणि मग ती टेबलावर वाजवून दाखवते. त्या दिवशी काय वाजलं ते तिला स्वतःलाच जमत नाही. कधी चुकून ठोका सरळ पडतो, की चिडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. शेजारच्यांनी एकदा दार ठोठावलं, त्यांना मी बघून घेतलं. बॅग पलंगाखालीच आहे, केर काढताना झाडूला लागते. मी काही बोलत नाही. अजून तिला ते आलेलं नाही, आणि मला कसलीही घाई नाही.